ठरवणं, सांगणं आणि निघणं: नोकरी किंवा नातं नीट सोडायचं कसं

नोकरी सोडताना किंवा नातं तोडताना लोकं तीन वेगवेगळी कामं एकाच दिवशी उरकायला बघतात आणि सगळा घोळ तिथेच होतो. पहिलं काम ठरवणं, दुसरं सांगणं, तिसरं प्रत्यक्ष निघणं. भांडण झालं, पाणी डोक्यावरून गेलं, त्याच रागात ठरवलं, त्याच दमात तोंडावर सांगून टाकलं आणि बॅग उचलून बाहेर, मग रात्री लक्षात येतं की पगाराच्या स्लिपा ऑफिसच्या लॅपटॉपवरच राहिल्यात, किंवा पासपोर्ट त्याच घरातल्या कपाटात आहे, आणि आता तो आणायला जायचं म्हणजे पुन्हा त्याच माणसासमोर उभं राहायचं.

तर ह्या तीन कामांत अंतर ठेवायचं आणि परिस्थिती बघून त्यांचा क्रम बदलायचा. नोकरीत आधी ठरवायचं, मग गुपचूप तयारी, मग सांगायचं, मग निघायचं. ज्या नात्यात भीती नाहीये, फक्त ते आता चालत नाहीये, तिथे ठरलं की फार न ताटकळत सांगायचं आणि निघायचं. आणि जिथे समोरच्याची भीती वाटते तिथे क्रम उलटा, आधी निघायचं, सुरक्षित जागी पोचायचं, आणि सांगायचंच असेल तर तिथून. हा तिसरा प्रकार वेगळा ठेवलाय, खाली सविस्तर येईल, तुम्ही त्यात बसत असाल तर मधलं सगळं सोडून थेट तिथे जा.

ठरवताना

लोकं वर्षानुवर्षं तळ्यात-मळ्यात करत बसतात, आणि विचारलं तर उत्तर बहुतेक वेळा एकच, "अहो एवढी वर्षं दिली की". ह्या दिलेल्या वर्षांचं ओझं कसं काम करतं ते १९८५ मध्ये हॅल आर्केस आणि कॅथरिन ब्लूमर ह्या दोघांनी नाटकाच्या तिकिटांवरून दाखवलं होतं. सीझनचा पास घ्यायला आलेल्या काही लोकांना तो पूर्ण किमतीत दिला, काहींना न मागता सवलत दिली, कोणाला काय मिळेल ते निव्वळ नशिबावर. नाटकं तीच, पण पूर्ण पैसे भरलेले लोक सीझनच्या पहिल्या अर्ध्या भागात जास्त नाटकांना गेले. पैसे तर सगळ्यांचेच गेलेले होते, कोणालाच परत मिळणार नव्हते, तरी ज्याचे जास्त गेले तो जास्त ओढला गेला. आपलं तेच होतं, फक्त पैशांऐवजी वय गेलेलं असतं.

म्हणून विचार करताना मागची वर्षं हिशेबात घ्यायचीच नाहीत. प्रश्न पुढचा विचारायचा: इथलं काहीही बदललं नाही, आज आहे अगदी तस्संच राहिलं, तर अजून दोन वर्षं मला हे चालेल का? उत्तरात "सुधारलं तर" आलं की ते उत्तर बाद, परत विचारायचं. हा प्रश्न वाटतो सोपा पण लोकं त्याच्याभोवती फार फिरतात.

नोकरीबद्दल "वैताग आलाय" एवढंच पुरत नाही, कशाचा आलाय ते कळलं पाहिजे. क्रिस्टिना मॅसलॅक आणि मायकेल लायटर हे बर्नआउटवर, म्हणजे कामाने माणूस पिळून निघतो त्यावर, काम करणारे दोघं संशोधक, त्यांनी कामाच्या सहा बाजू सांगितल्यात जिथे माणसाचं आणि नोकरीचं जुळेनासं होतं: कामाचा बोजा, कामावरचा आपला ताबा, मोबदला (पैसा पण आणि कौतुक पण), सोबतची माणसं, न्याय, आणि मूल्यं. ह्या सहातलं नक्की काय बिघडलंय ते कागदावर मांडा. माझं मत विचाराल तर बोजा आणि ताबा ह्या गोष्टी बोलून, टीम बदलून, वेळा बदलून कधी कधी सुधारतात, मोबदला पण भांडून मिळतो, पण जिथे न्यायच नाही किंवा जिथे रोज आपल्याला न पटणारं काम आपल्याच हातून करून घेतात तिथे कितीही मीटिंगा घेतल्या तरी फारसं काही हलत नाही.

आणि बर्नआउट हा शब्द हल्ली कशालाही लावतात म्हणून सांगायचं, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आयसीडी-११ ह्या आजारांच्या वर्गीकरणात तो आहे, पण आजार म्हणून नाही, कामाशी जोडलेली गोष्ट म्हणून. तीन खुणा दिल्यात, अंगातली ताकद संपल्यासारखी वाटणं, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्याकडून काम नीट होत नाहीये असं वाटणं. ह्याचा उपयोग काय, तर तुमचा त्रास फक्त कामापुरता आहे की सगळीकडेच पसरलाय ते बघा. सुट्टीत माणूस जरा माणसात येत असेल तर नोकरीकडे बोट दाखवता येतं. पण सुट्टीतही झोप नाही, भूक नाही, आधी आवडणारं काहीच आवडत नाही, असं आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर राजीनाम्याच्या आधी डॉक्टरांकडे जा, कारण डिप्रेशन असेल तर ते नव्या नोकरीतही तुमच्या सोबत येणार.

नात्यात ठरवणं जास्त अवघड, कारण वाईट नातं रोजच्या रोज वाईट नसतं. रोजच वाईट असतं तर कोणी थांबलंच नसतं ना. डोनाल्ड डटन आणि सुझन पेंटर ह्यांनी १९८१ मध्ये हे लिहिलं होतं, की जिथे एकाच्या हातात जास्त सत्ता आहे आणि वागणूक आलटून पालटून चांगली-वाईट मिळते तिथे बंध सैल होण्याऐवजी आणखी घट्ट होतो. चार दिवस अबोला, पाचव्या दिवशी फुलं, आणि त्या पाचव्या दिवशी जी सुटका वाटते तिलाच आपण प्रेम समजून बसतो. खडूस बॉसचंही हेच असतं बरं का, वर्षभर पाणउतारा आणि एक दिवस "तुझ्याशिवाय हे झालंच नसतं", त्या एका वाक्यावर माणूस पुढचं वर्ष काढतो.

ह्यावर एक साधा उपाय आहे, महिनाभर रोज एक ओळ लिहायची. आज काय झालं, एवढंच, का झालं ते नाही. आठवणीवर अवलंबून राहिलात तर ती कालचा दिवसच दाखवणार, काल फुलं मिळाली असतील तर सगळं छानच दिसणार. महिन्याच्या ओळी एकदम वाचल्या की ढाचा दिसतो. ही वही कुठे ठेवायची ते मात्र जपून, समोरचा फोन तपासणारा असेल तर फोनमध्ये नाहीच.

आणि सोडायच्या आधी एकदा स्पष्ट मागून बघा. टोमणे, सुस्कारे, आदळआपट हे मागणं झालं नाही. "मला शनिवार-रविवारी कामाचे फोन नकोत, पुढच्या महिन्यापासून", "माझ्या आईबापाबद्दल असं बोललेलं मला चालणार नाही", असं, शब्दात आणि तारखेसकट. स्वतःपुरती तारीख तरी ठेवाच. मागितलं आणि हललं तर चांगलंच, नाही हललं तर पुढे "मी सांगून तरी बघायला हवं होतं" हे भूत मानगुटीवर बसत नाही. (भीतीच्या नात्यात हे करायचं नाही, तिथे मागणं हीच ठिणगी ठरू शकते.)

स्टीव्हन लेव्हिट ह्या अर्थतज्ज्ञाने एक गमतीशीर प्रयोग केला होता, तो २०२१ मध्ये छापून आला. नोकरी सोडू का, नातं तोडू का असल्या प्रश्नांवर अडकलेल्या हजारो लोकांनी ऑनलाईन नाणं उडवलं, आणि सहा महिन्यांनी विचारलं तेव्हा मोठ्या निर्णयांत ज्यांनी बदल केला ते जास्त समाधानी निघाले. आता ह्याचा अर्थ उद्या नाणं उडवा असा नाही, हे सगळे लोक आधीच कुंपणावर बसलेले होते आणि आपणहून आलेले होते. पण महिनोन्महिने तुम्ही पण त्याच कुंपणावर असाल तर एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही की अशी माणसं बहुतेक गरजेपेक्षा जास्त सावध असतात.

एक पथ्य, भांडणाच्या रात्री, ताप असताना, किंवा घरात कोणी गेल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत ठरवू नका. ठरलेलं असेल तर आठवडाभराने पण ठरलेलंच राहील.

नोकरी: सांगायच्या आधीची तयारी

इथे सगळा वेळ घाला. राजीनामा हे दहा मिनिटांचं काम आहे, तयारी हे दोन-तीन महिन्यांचं.

पैसे आधी. महिन्याला किमान किती लागतात ते अंदाजाने नाही तर मागच्या तीन महिन्यांच्या बँक स्टेटमेंटवरून काढा, भाडं, हप्ते, घरी पाठवायचे, औषधं, सगळं. हातातल्या शिल्लक पैशांना त्याने भागा, जे उत्तर येईल तेवढे महिने तुमच्याकडे आहेत. दुसरी नोकरी हातात असेल तर ठीक, नसेल तर नोकरी शोधायला वाटतं त्यापेक्षा जास्त वेळ लागतो हे धरूनच चाला. आरोग्य विमा कंपनीकडून असेल तर तो नक्की कोणत्या दिवशी बंद होतो ते बघा, कारण मधल्या काळात घरात कोणी आजारी पडलं तर सगळं गणित कोलमडतं.

मग अपॉइंटमेंट लेटर काढा, जे आपण सही करताना वाचलेलं नसतं, आणि आता वाचा. नोटीस पिरियड किती, तो भरला नाही तर काय कापतात, ट्रेनिंगचा बाँड आहे का, सोडल्यावर अमुक काळ स्पर्धकाकडे जायचं नाही असलं काही कलम आहे का, बोनस कोणत्या तारखेला हजेरीवर असलेल्यांनाच मिळतो, शिल्लक रजांचे पैसे मिळतात की रजा बुडतात. पंधरा दिवस थांबल्याने बोनस मिळत असेल तर पंधरा दिवस थांबा, राग तेवढा टिकतो. एखादं कलम कळत नसेल तर कामगार कायदा कळणाऱ्या वकिलाला एकदा दाखवा.

ऑफिसच्या लॅपटॉपवरून आणि मेलवरून आपलं खासगी सगळं सांगायच्या आधी काढून घ्या, कारण बऱ्याच ठिकाणी राजीनामा दिला की त्याच दिवशी ॲक्सेस जातो. पगाराच्या स्लिपा, अपॉइंटमेंट आणि अप्रेझलची पत्रं, कराची कागदपत्रं. बँकेला, विम्याला, मुलांच्या शाळेला ऑफिसचा मेल दिलेला असतो आणि तो विसरलेला असतो, ते बदला. पण कंपनीचा डेटा, ग्राहकांच्या याद्या, फाईली, कोड ह्यातलं काहीही स्वतःच्या मेलवर पाठवू नका, मी केलेलं काम माझंच ना असं कितीही वाटलं तरी. अशा एका मेलवरून चांगला निघालेला माणूस शेवटच्या आठवड्यात चोर ठरू शकतो.

छळ झाला असेल, पैसे बुडवले असतील, तर त्याची तक्रार निघायच्या आधी, लेखी, तारखांसकट करायची की नाही हे पण आत्ताच ठरवा आणि सल्ला घेऊन ठरवा. शेवटच्या दिवशी रडत सांगितलेलं कुठेच नोंदलं जात नाही.

नोकरी: सांगणं आणि नोटीसचे दिवस

पहिल्यांदा साहेबांनाच कळलं पाहिजे. टीममधल्या "फक्त तुलाच सांगतोय" वाल्या मित्राला आधी सांगितलं की संध्याकाळपर्यंत पोचतंच. पंधरा मिनिटं मागून घ्या, पहिल्याच वाक्यात सांगा, "मी राजीनामा द्यायचं ठरवलंय, माझा शेवटचा दिवस अमुक तारीख असेल". हवापाण्याच्या गप्पांनी सुरुवात केलीत तर मग धीर होत नाही. का म्हणून विचारतील, त्याला एक खरं पण छोटं उत्तर तयार ठेवा, "मला वेगळ्या प्रकारचं काम करायचंय" किंवा "हा कामाचा वेग मला झेपत नाहीये", आणि दुसऱ्यांदा विचारलं तर तेच वाक्य पुन्हा. नवीन कारण द्यायचं नाही, कारण प्रत्येक नव्या कारणावर एक नवा तोडगा निघतो आणि तुम्ही तासभर तिथेच. पत्र चार ओळींचं पुरे, पद, राजीनामा देतोय, शेवटचा दिवस, काम नीट सोपवून जाईन. तक्रारींचा इतिहास पत्रात नको, ते पत्र फाईलमध्ये तुमच्यापेक्षा जास्त वर्षं राहणार आहे.

मग येते काउंटर ऑफर. पगार वाढवतो, थांब. इथे तो सहा बाजूंचा कागद काढा. बिघडलेली बाजू मोबदलाच असेल तर विचार करायला हरकत नाही, पण बाकी पाचातलं काही असेल तर त्याच माणसांत, त्याच वेळांत, फक्त जास्त पैशांत तुम्ही परत बसणार, आणि आता वरच्यांना माहितीये की तुम्ही निघायला तयार होतात. लगेच हो म्हणू नका, "उद्या सांगतो" म्हणा, आणि दिलेली कबुली लेखी मागा.

नोटीसचे दिवस हा लोकांचा सगळ्यात कंटाळा करण्याचा भाग, आणि तो तसा करू नये. डॅनियल काहनमन ह्या मानसशास्त्रज्ञाचा आणि त्यांच्या सोबत्यांचा १९९३ चा एक प्रयोग आहे, लोकांना हात १४ अंशाच्या गार पाण्यात ६० सेकंद ठेवायला लावला, आणि दुसऱ्या खेपेला तेच ६० सेकंद करून वर आणखी ३० सेकंद, पण त्यात पाणी हळूहळू एका अंशाने कमी गार केलं. आता परत कोणतं करणार विचारल्यावर जास्त लोकांनी लांबलेलंच निवडलं, एकूण त्रास जास्त असूनही, कारण शेवट जरा बरा होता. माणसाला शेवट लक्षात राहतो. सहा वर्षं नेकीने काम केलेला माणूस शेवटचे वीस दिवस टंगळमंगळ करून गेला तर नंतर त्याच्याबद्दल विचारणाऱ्याला तेच वीस दिवस सांगितले जातात, अन्याय आहे पण तसंच आहे.

म्हणून हँडओव्हरचा कागद असा करा की तुमच्या जागी येणारा तुम्हाला फोन न करता काम करू शकेल. कोणतं काम कुठवर आलंय, कोण कोणाच्या उत्तराची वाट बघतंय, कुठली फाईल कुठे, दर महिन्याला कोणत्या तारखेला काय करावंच लागतं, आणि कुठल्या कामात काय गोम आहे जी कुठेच लिहिलेली नाही. ही गोम लिहिणं सगळ्यात मोलाचं. साहेबांना मेलने पाठवा आणि "मिळालं" असं उत्तर घ्या.

एक्झिट इंटरव्ह्यूत, म्हणजे निघताना कंपनी का सोडताय ते विचारते तेव्हा, मन मोकळं करायची फार इच्छा होते. दुरुस्त होण्यासारख्या दोन-तीन गोष्टी सांगा आणि थांबा. तिथे माणसांची नावं घेऊन काही साधत नाही. नोटीस न भरता निघायचं असेल, कारण तिथे एक दिवसही राहणं तब्येतीला झेपत नाहीये किंवा धोक्याचं आहे, तर निघा, पैसे कापतील ते कापतील, फक्त डॉक्टरांचा कागद आणि लेखी पत्र पाठीशी असू द्या. निघायच्या आधी हिशेब कधी होणार आणि अनुभवाचा दाखला कधी मिळणार ते मेलवर विचारून ठेवा.

नातं, जिथे भीती नाही

इथे तयारी थोडी आणि सांगणं महत्त्वाचं. ठरलंय पण त्याच्या परीक्षेनंतर, तिच्या वाढदिवसानंतर, तिच्या भावाच्या लग्नानंतर, असं करत सहा महिने भिजत घोंगडं ठेवणं हे समोरच्यावर जास्त अन्यायाचं आहे, कारण त्या सहा महिन्यांत तो माणूस तुमच्या भरवशावर पुढचे बेत आखत असतो. चांगली वेळ नसतेच. फक्त वाईटातली वाईट वेळ टाळायची, म्हणजे भांडणाच्या भरात नाही, कामाला निघायच्या पाच मिनिटं आधी नाही, चार लोकांत नाही.

शक्यतो समोरासमोर, लांब राहत असाल तर व्हिडीओ कॉलवर, मेसेजवर फक्त तेव्हा जेव्हा ओळखच चार दिवसांची आहे. वाक्य एक घाव दोन तुकडे असं पाहिजे: "मला हे नातं पुढे चालवायचं नाहीये". "सध्या", "थोडा ब्रेक", "बघू या", "तू अजून कोणीतरी चांगली डिझर्व्ह करतेस" हे सगळं बोलणाऱ्याच्या सोयीचं असतं, ऐकणारा त्यातून आशा काढतो आणि महिनोन्महिने वाट बघतो. कारण एकच द्या, जे खरं आहे ते, आणि ते स्वतःच्या बाजूने, "मला मूल नकोय आणि तुला हवंय" असं. दोषांची यादी वाचून दाखवू नका. यादी दिली की समोरचा एकेक मुद्दा खोडायला लागतो, मी बदलेन म्हणतो, आणि तुमचा निर्णय चर्चेचा विषय होऊन बसतो. समोरच्याला पटलं पाहिजे अशी अट नाहीये. लग्न असेल तर कायद्याचं काम वेगळं, त्याला वकील लागेल, पण "मला हे नको" हे म्हणायला दोघांच्या सह्या लागत नाहीत.

रडतील, चिडतील, गप्प बसतील. ऐकून घ्या, पण रात्रभर नाही. तासाभरात उठा. त्याच रात्री सांत्वन करायला तिथेच राहिलात तर सकाळी दोघांनाही कळत नाही नक्की काय झालं. समोरच्याने "मी जीव देईन" म्हटलं तर ते नाटक समजून सोडूही नका आणि म्हणून थांबूही नका. त्यांच्या घरच्यांना किंवा जवळच्या मित्राला त्याच क्षणी फोन करा, लगेचचा धोका वाटला तर आपत्कालीन सेवेला कळवा, आणि कोणीतरी पोचेपर्यंत त्यांच्याकडे लक्ष ठेवा. एखाद्याला जिवंत ठेवायचा उपाय म्हणून तुम्ही नात्यात राहणं, हे दोघांनाही खाणारं आहे.

एकत्र राहत असाल तर कोण बाहेर पडणार, किल्ल्या, डिपॉझिट, जॉइंट खातं, एकाच्या नावावरची बिलं, ओटीटीचे आणि मेलचे पासवर्ड, मांजर कोणाचं, हे दुसऱ्या दिवशी लिहून बोलायचं, पहिल्या दिवशी नाही. मुलं असतील तर शक्य तर दोघांनी मिळून सांगा आणि त्यांना काय बदलणार त्यापेक्षा काय तसंच राहणार ते आधी सांगा, शाळा तीच, रात्री झोपवणार कोण, शनिवारी कोणाकडे. "तुझ्या बाबांना सांग पैसे पाठवायला" हे मुलांच्या हाती कधीच नको.

मैत्री आणि नातेवाईक ह्यांचं थोडक्यात, तिथे बहुतेक वेळा तोडण्याची घोषणा लागत नाही. फोन कमी, भेटी कमी, काही विषय बंद, "ह्यावर मी बोलणार नाही" एवढं वाक्य पुन्हा पुन्हा, पुरतं. जुन्या जिवलग मित्राला मात्र न सांगता गायब होऊ नका, त्याला कारण कळायला हवं.

नातं, जिथे भीती आहे

मारहाण, गळा दाबणं, शस्त्र दाखवणं, पाठलाग, "सोडून गेलीस तर बघ" अशा धमक्या, पैसे आणि फोन ताब्यात ठेवणं, कोणाला भेटायचं ते ठरवणं, ह्यातलं काही असेल तर वरचं समोरासमोर वगैरे सगळं विसरा. निघायचा काळ हाच सगळ्यात धोक्याचा असतो. जॅकलिन कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ११ शहरांमध्ये जोडीदाराच्या हातून झालेल्या बायकांच्या हत्यांचा अभ्यास केला होता, तो २००३ मध्ये आला, त्यात एकत्र राहिल्यानंतर ताबा गाजवणाऱ्या जोडीदारापासून वेगळं होणं हे मोठ्या धोक्यांपैकी एक निघालं. म्हणून "मग आधीच का नाही सोडलं" हा प्रश्न विचारणाऱ्यांनी जरा तोंड आवरावं.

इथे एकट्याने बेत करू नका. घरगुती हिंसाचारावर काम करणारी हेल्पलाईन किंवा संस्था ह्यांच्याशी बोला, तुमच्याच फोनवरून नाही, मैत्रिणीच्या किंवा ऑफिसच्या फोनवरून. बेत बनवून द्यायचं काम त्यांना येतं. ओळखपत्रं, मुलांचे जन्मदाखले, बँकेची कागदपत्रं, औषधं, थोडी रोकड, जादा किल्ली, हे एकदम न काढता एकेक करून विश्वासातल्या माणसाकडे पोचवा. मूळ कागद हलवणं उठून दिसत असेल तर फोटो किंवा प्रती. जखमांचे फोटो, धमक्यांचे स्क्रीनशॉट पण तिकडेच पाठवून आपल्या फोनवरून पुसा. शेजारी किंवा बहीण, कोणाशी तरी एक शब्द ठरवा, तो मेसेजमध्ये आला की पोलिसांना फोन करायचा.

फोनचं नीट ऐका. लोकेशन शेअरिंग, एकमेकांना माहीत असलेले पासवर्ड, सामायिक क्लाऊड, ह्यातून तुम्ही कुठे आहात ते कळतं. पण निघायच्या आधी हे सगळं धडाधड बंद केलंत तर समोरच्याला तिथेच वास लागतो. त्यामुळे नवीन मेल दुसऱ्याच कोणाच्या तरी उपकरणावरून उघडा, बँकेचा संपर्क ह्या नव्या मेलला जोडायला जमत असेल तर जोडा, आणि जुना फोन कधी बंद करायचा ते संस्थेच्या लोकांशी बोलून ठरवा. मुलाच्या टॅबलेटमध्ये आणि गाडीत पण लोकेशन असतं, ते हमखास विसरतं.

निघायची वेळ समोरचा घरात नसतानाची. चिठ्ठी ठेवायची नाही, कुठे चाललोय ते तर मुळीच नाही. "शेवटचं एकदा भेटून बोलू" ह्याला जाऊ नका, सामान राहिलं तर राहू दे, ते पोलिसांच्या किंवा वकिलाच्या मार्फत मागता येतं. पुरुषांनाही हे लागू आहे, हसतील म्हणून गप्प बसणारे त्यात खूप असतात.

निघाल्यानंतर

पहिले काही आठवडे परत जावंसं वाटेल, तिथे काहीच बरं नव्हतं हे माहीत असूनही. ती महिन्याची वही आता कामाला येते, वाचा. नोकरीचं पण वाटतं, सकाळी उठून कुठे जायचं नसतं तेव्हा तो खडूस बॉस पण बरा वाटायला लागतो.

समोरून फोन सुरू होतील, आणि आधी वाढतील. जे वागून आजवर हवं ते मिळत होतं ते मिळेनासं झालं की माणूस सुरुवातीला तेच आणखी जोरात करून बघतो, वर्तनाचा अभ्यास करणाऱ्यांना हे चांगलं माहितीये. म्हणजे एकोणीस फोन न उचलता विसावा उचललात तर समोरचा एवढंच शिकतो की वीस करावे लागतात. उत्तर द्यायचं नसेल तर अजिबातच नाही. मुलांमुळे किंवा हिशेबामुळे बोलणं भाग असेल तर एकच मार्ग ठेवा, मेल, आणि त्यात फक्त कामाचं. धमक्या असतील तर ब्लॉक करायच्या आधी सेव्ह करा.

लिहिण्याचा एक फायदा आहे. जेम्स पेनबेकर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये नोकरी गेलेल्या अनुभवी लोकांकडून काही दिवस त्या धक्क्याबद्दल मनातलं सगळं लिहून घेतलं, आणि ज्यांनी लिहिलं त्यांना नंतर नोकऱ्या लवकर लागल्या. कोणाला दाखवायचं नाही, शुद्धलेखन बघायचं नाही, शिव्या आल्या तर येऊ द्यायच्या. तोंडातला कडवटपणा इथे सांडला तर इंटरव्ह्यूत सांडत नाही.

इंटरव्ह्यूत विचारणारच, का सोडलं. जुन्या साहेबांची गाऱ्हाणी तिथे उगाळायची नाहीत, ऐकणारा स्वतःला त्या साहेबांच्या जागी ठेवून ऐकत असतो. अर्धं वाक्य मागचं आणि दोन वाक्यं पुढची, "तिथे कामाची दिशा बदलली, मला अमुक करायचंय, इथे ते आहे म्हणून आलोय". नातेवाईकांसाठी पण असंच एक वाक्य घोटून ठेवा, "नाही जमलं आमचं, आता ठीक आहे मी", आणि पुढे चहाड्या ऐकायला आलेल्याला काही द्यायचं नाही.

जुन्या ऑफिसातून फोन येतील, ती फाईल कुठे, तो रिपोर्ट कसा काढायचा. एक-दोनदा सांगा, तिसऱ्यांदा हँडओव्हरचा तोच मेल पुन्हा पाठवा. आणि चार महिन्यांनी "परत ये, आता सगळं बदललंय" असा निरोप आला, ऑफिसातून किंवा माणसाकडून, तर काय बदललंय ते विचारा. माणसं बदलली, वेळा बदलल्या, समुपदेशन चालू आहे, असं काही दिसण्यासारखं सांगता आलं तर विचार करा. नुसतं "तुझी फार आठवण येते" असेल तर "बरं" म्हणा आणि फोन ठेवा.